पोल्लो आल्ला काच्चातोरा

पोल्लो आल्ला काच्चातोरा हा मध्य इटलीच्या ग्रामीण स्वयंपाकातील कोंबडीचा एक प्रसिद्ध पदार्थ आहे. हाडांसकट कापलेले कोंबडीचे तुकडे प्रथम तेलात खरपूस परतले जातात. नंतर कांदा किंवा लसूण, रोझमेरीसारखी सुगंधी पाने, वाइन आणि बहुधा टोमॅटो यांच्या बेताच्या रसात, भांड्यावर झाकण ठेवून, ते मंद आचेवर शिजवले जातात. 'शिकाऱ्यांच्या रीतीची कोंबडी' असा या नावाचा अर्थ आहे. इंग्रजी भाषक देशांत आणि तेथून आलेल्या पाकपुस्तकांत हाच पदार्थ 'चिकन काच्चातोरे' या नावाने आढळतो.

या पदार्थाची सर्वमान्य अशी एक कृती नाही. तोस्काना आणि एमिलिया-रोमान्या या प्रदेशांत त्याचा रस्सा टोमॅटोमुळे लाल असतो, तर रोम ज्या प्रदेशात आहे त्या लात्सियोमध्ये टोमॅटो न घालता व्हिनेगर, लसूण आणि रोझमेरी यांवर तो केला जातो. साहित्य गावागणिक बदलले, तरी शिजवण्याचा क्रम मात्र सगळीकडे तोच राहतो.

नाव

इटालियन भाषेत 'पोल्लो' म्हणजे कोंबडी, 'काच्चातोरे' म्हणजे शिकारी आणि 'काच्चातोरा' हे त्याचे स्त्रीलिंगी रूप. या स्त्रीलिंगी रूपावरून 'शिकाऱ्याच्या बायकोने रांधलेली कोंबडी' असा अर्थ काही पाकपुस्तकांत दिलेला असतो. तो अर्थ गोड असला तरी व्याकरणाला धरून नाही. 'आल्ला' या शब्दानंतर 'मानिएरा', म्हणजे रीत किंवा पद्धत, हे स्त्रीलिंगी नाम अध्याहृत असते आणि पुढचे विशेषण त्या न उच्चारलेल्या नामाच्या लिंगाप्रमाणे चालते. 'आल्ला रोमाना' (रोमच्या रीतीचे) आणि 'आल्ला मारिनारा' (खलाशांच्या रीतीचे) ही याच घडणीची नावे आहेत. मराठीतही 'त्याची चांगलीच जिरवली' या वाक्यातील क्रियापद स्त्रीलिंगी असते, ते 'मस्ती' किंवा 'रग' असे एखादे नाम मनात धरलेले असते म्हणून.

इंग्रजीत 'काच्चातोरे' हे पुल्लिंगी रूप रूढ झाले आहे. इटलीत मात्र एवढाच शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी सलामीचा एक लहान, वाळवलेला प्रकार येतो. शिकारीला जाताना पिशवीत सहज मावावी अशा आकाराच्या या सलामीलाही तेच नाव आहे. मराठी लेखनात 'काचातोरा' आणि 'काच्चातोरा' अशी दोन्ही रूपे दिसतात. त्यांतील जोडाक्षर ठेवलेले रूप मूळ उच्चाराला अधिक जवळचे आहे. इटालियनमध्ये व्यंजनाचे द्वित्व अर्थभेद करते: 'पाला' म्हणजे फावडे आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू.

उगम

शिकारी रानातून परत येताना वाटेतील रानपाला आणि अळिंबी गोळा करून आणी आणि घरची मंडळी त्यात शिकार शिजवी, अशी या पदार्थाची प्रचलित कथा आहे. कथेतील अडचण उघड आहे, कारण कोंबडी कोणी रानात जाऊन मारत नाही. तिचा उलगडा 'आल्ला काच्चातोरा' हे नाव आणखी कोणकोणत्या पदार्थांना आहे ते पाहिले की होऊ लागतो. सशाच्या मांसाचा 'कोनील्यो आल्ला काच्चातोरा' आणि रोममधील कोवळ्या कोकराचा 'आब्बाक्क्यो आल्ला काच्चातोरा' हे पदार्थ तितकेच प्रसिद्ध आहेत. रानटी प्राण्यांचे आणि पक्ष्यांचे मांस कमी चरबीचे, चिवट आणि उग्र वासाचे असते. वाइन, व्हिनेगर, लसूण आणि उग्र गंधाची पाने घालून ते सावकाश शिजवणे ही त्यावरची जुनी तोड आहे. 'शिकाऱ्यांची रीत' ती हीच, आणि नाव मांसाचे नसून रीतीचे असल्यामुळे ते पाळीव प्राण्यांच्या मांसालाही सहज लागू झाले.

कोंबडीला ही रीत लागू पडण्याचे एक कारण ग्रामीण अर्थव्यवस्थेत आहे. मध्य इटलीतील शेती शतकानुशतके 'मेद्झाद्रिया' या अर्धेलीच्या पद्धतीने चालत होती. कूळ जमीन कसे आणि उत्पन्नाचा अर्धा वाटा जमीनमालकाला देई. त्याखेरीज ठरावीक सणांना खच्ची केलेले कोंबडे, कोंबड्या आणि अंडी मालकाच्या घरी पोचवणेही करारात लिहिलेले असे. अशा घरात कोंबडी ही रोजच्या जेवणातली वस्तू नव्हती. अंडी देत होती तोवर ती पाळली जाई आणि अंडी थांबली की सणाला किंवा पाहुण्यांसाठी कापली जाई. असे वयस्क मांस नुसते भाजून खाण्याजोगे राहत नाही, ते रसात बराच वेळ शिजवावेच लागते. अर्धेलीचे नवे करार करण्यास इटलीने १९६४ मध्ये कायद्याने बंदी घातली. त्याच सुमारास शेतावरच्या कोंबडीची जागा मोठ्या प्रमाणावर वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबडीने घेतली. पदार्थाचे नाव तेच राहिले, पण भांड्यातला पक्षी बदलला. आज घरी हा पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा याच बदलाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

या पदार्थाशी जोडला गेलेला टोमॅटो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात आला. इटलीत तो बराच काळ शोभेचे आणि संशयाचे फळ होता. टोमॅटोच्या चटणीसारख्या सॉसची छापील कृती आंतोनियो लातिनी यांच्या नेपल्स येथे १६९२ ते १६९४ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'लो स्काल्को आल्ला मोदेर्ना' या ग्रंथात आढळते आणि तिलाही 'स्पॅनिश रीतीची' म्हटले आहे. सामान्य माणसाच्या स्वयंपाकात टोमॅटो स्थिरावला तो एकोणिसाव्या शतकात. त्यामुळे टोमॅटो नसलेला प्रकार मागाहून कोणीतरी सोपा करून काढला असावा, ही समजूत टिकत नाही. व्हिनेगर आणि लसूण यांवर मांस शिजवण्याची रीत टोमॅटोपेक्षा कितीतरी जुनी आहे.

आर्तूझी यांची कृती

या पदार्थाच्या छापील कृतींपैकी सर्वांत जास्त वाचली गेलेली कृती पेल्लेग्रिनो आर्तूझी (१८२०–१९११) यांची आहे. रोमान्यातील फोर्लिंपोपोली या गावी जन्मलेले आर्तूझी व्यवसायाने व्यापारी होते आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी फ्लॉरेन्समध्ये घालवला. 'ला शेन्त्सा इन कुचीना ए लार्ते दी मांजार बेने' (स्वयंपाकातील शास्त्र आणि चांगले जेवण्याची कला) हा ग्रंथ त्यांनी १८९१ मध्ये स्वखर्चाने छापला. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. लेखकाने मृत्यूपर्यंत भर घालत नेल्यामुळे ती संख्या ७९० वर गेली. इटली एक राष्ट्र होऊन तेव्हा अवघी तीस वर्षे झाली होती आणि घराघरांत आपापल्या बोलीच चालत. सर्वांना कळेल अशी इटालियन भाषा स्वयंपाकघरापर्यंत नेण्याचे श्रेय अभ्यासक या ग्रंथाला देतात.

आर्तूझी यांची कृती आजच्या वाचकाला चकित करणारी आहे. ते मोठा कांदा चिरून अर्ध्या तासाहून अधिक काळ थंड पाण्यात ठेवायला सांगतात, मग तो पुसून तेलात किंवा डुकराच्या चरबीत परतून बाजूला काढतात. त्याच स्निग्धात कोंबडीचे तुकडे तळून लाल झाले की कांदा परत घालायचा, मीठ-मिरी टाकायची, अर्धा पेला सांजोवेसे किंवा दुसरी चांगली लाल वाइन आणि थोडा टोमॅटोचा रस ओतायचा आणि पाच मिनिटे उकळून वाढायचे. टोमॅटोचा रस म्हणजे त्यांच्या लेखी नुसते टोमॅटो शिजवून गाळलेला रस, मसालेदार सॉस नव्हे. शेवटी नाजूक पोटाच्या मंडळींना हा पदार्थ सोसणार नाही, असा इशाराही ते देतात. त्यात गाजर नाही, सेलरी नाही, रोझमेरी नाही, अळिंबी नाही आणि तासभर शिजवणेही नाही. ज्या गोष्टी आज 'अस्सल' म्हणून सांगितल्या जातात, त्यांतील बऱ्याचशा या सर्वांत प्रसिद्ध कृतीत नाहीत, ही बाब अस्सलपणावरील वादांत सहसा विसरली जाते.

लाल आणि पांढरा प्रकार

तोस्कानातील आजच्या घरगुती प्रकारात कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून तेलात मऊ होईपर्यंत परततात. या मिश्रणाला 'सोफ्रित्तो' म्हणतात आणि असंख्य इटालियन पदार्थांचा तो पाया आहे. मराठी स्वयंपाकातील फोडणीशी त्याची तुलना केली जाते, पण दोहोंचा स्वभाव उलट आहे. फोडणी कडकडीत तेलात क्षणात होते, तर सोफ्रित्तो मंद आचेवर दहा ते पंधरा मिनिटे घेतो आणि त्यातील भाज्या तांबूसही होऊ द्यायच्या नसतात. त्यावर कोंबडी, लाल वाइन, टोमॅटो आणि रोझमेरी किंवा सेज येते. काळे ऑलिव्ह घालणारी घरे आहेत, तशीच ते नाव काढताच नाक मुरडणारीही आहेत. उत्तरेकडे अळिंबी, विशेषतः सुकवलेली पोर्चीनी, घालण्याची चाल आहे. ती कोमट पाण्यात भिजवतात आणि ते पाणी गाळून रश्श्यातच वापरतात.

लात्सियोतील पांढऱ्या प्रकारात कांदाही बहुधा नसतो. लसूण, रोझमेरी आणि कधी सेज यांबरोबर कोंबडी परतून त्यावर पांढरी वाइन आणि व्हिनेगर ओततात. आंबटपणाचा पहिला झणका आटून गेला की झाकण ठेवतात. काही घरांत शेवटी खारवलेल्या अँचोवी माशाचे एकदोन तुकडे लसणीबरोबर वाटून घालतात. रोमच्या कोकराच्या पदार्थात तर हे वाटण ठरलेलेच असते. मासा रश्श्यात विरघळून जातो आणि खाणाऱ्याला माशाची चव म्हणून कळत नाही, फक्त रस्सा अधिक भरीव लागतो. (कोकण किनाऱ्यावरची मांदेली अँचोवीच्याच कुळातली आहे. मात्र ताजी किंवा नुसती वाळवलेली मांदेली येथे चालणार नाही. मिठात महिनोन्महिने मुरल्याने अँचोवीला जी चव येते, तिच्यावर या वाटणाची भिस्त असते.) अँचोवी घातल्यास मासे न खाणाऱ्या पाहुण्यांना तसे आधीच सांगणे इष्ट.

शेजारच्या मार्के प्रदेशातील 'पोल्लो इन पोताक्क्यो' हा लसूण, रोझमेरी आणि पांढऱ्या वाइनवर शिजणारा पदार्थ याचाच जवळचा भाऊ आहे. फ्रेंच स्वयंपाकातही 'शिकाऱ्यांच्या रीतीची' कोंबडी आहे. तिच्यात अळिंबी, लहान कांदे आणि पांढरी वाइन असते, पण तो रस्सा अधिक गुळगुळीत आणि उपाहारगृही घडणीचा असतो.

कोंबडीची निवड

जुन्या कृती ज्या कोंबडीसाठी लिहिल्या गेल्या ती एक-दोन वर्षे अंगणात धावलेली असे. बाजारातील ब्रॉयलर कोंबडी जेमतेम पाच ते सात आठवड्यांची असते. मांसातील स्नायूंना जोडणाऱ्या ऊतींत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. प्राणी जितका वयस्क आणि जितका हिंडलेला, तितके ते अधिक आणि घट्ट. पाण्याच्या सान्निध्यात, साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन बनते. चिवट मांस मऊ होते आणि रश्श्याला बोटांना किंचित चिकटणारा दाटपणा येतो, तो याच बदलामुळे. पण त्याच तापमानात स्नायूंचे तंतू आकसून आतले पाणी बाहेर टाकत असतात. वयस्क कोंबडीत मिळणारे जिलेटिन या कोरडेपणाची भरपाई करते. कोवळ्या कोंबडीच्या छातीत कोलॅजन नावापुरतेच असल्याने भरपाई करायला काही उरत नाही. म्हणून दीड-दोन तासांची कृती ब्रॉयलर कोंबडीला लावली, तर छातीचे मांस रश्श्यात बुडालेले असूनही कोरडे आणि दोरे सुटल्यासारखे लागते. 'रसात शिजले म्हणजे मांस कोरडे होणार नाही' हा समज चुकीचा आहे.

यातून दोन मार्ग निघतात. ब्रॉयलर कोंबडी घेतली, तर मांड्या आणि तंगड्या यांना पस्तीस ते चाळीस मिनिटे आणि छातीच्या तुकड्यांना साधारण वीस मिनिटे पुरेशी होतात. म्हणून छातीचे तुकडे मागाहून भांड्यात घालावेत, किंवा फक्त मांड्या-तंगड्याच घ्याव्यात. गावरान कोंबडी मिळाली, तर ती जुन्या कृतीच्या अधिक जवळची असते आणि तिला दीड ते दोन तास, वयानुसार त्याहूनही अधिक, लागतात. महाराष्ट्रातील घरांत अशी कोंबडी प्रेशर कुकरमध्ये शिजवण्याची सवय आहे. परतून झाल्यावर ती थोड्या पाण्यात कुकरमध्ये अर्धीअधिक शिजवून पुढचे काम उघड्या भांड्यात करता येते. ब्रॉयलर कोंबडी मात्र कुकरमध्ये घालू नये.

तुकड्यांचा आकार हाही महत्त्वाचा भाग आहे. भारतातील दुकानांत रश्श्यासाठी कोंबडीचे लहान तुकडे करून देण्याची पद्धत आहे. या पदार्थाला ते सोयीचे नाहीत, कारण परतताना त्यांचे पाणी लवकर सुटते आणि हाडाच्या कपच्या रश्श्यात उतरतात. दुकानदाराला सांगून अख्ख्या कोंबडीचे आठ ते दहा मोठे तुकडे सांध्यांवर करून घ्यावेत. इटलीत कोंबडी कातडीसह शिजवतात. कातडीतली चरबी वितळून परतण्याचे काम सोपे होते. कातडी काढलेलीच कोंबडी असेल, तर तेल थोडे जास्त घ्यावे आणि आच मध्यम ठेवावी, अन्यथा मांसाचा पृष्ठभाग कडक होऊन भांड्याला चिकटतो.

घरी करण्याची कृती

येथे टोमॅटो घातलेला घरगुती प्रकार दिला आहे. चार-पाच माणसांसाठी सव्वा ते दीड किलोची एक कोंबडी, एक मोठा कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, लसणीच्या दोन-तीन पाकळ्या, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, १५० मिलिलिटर लाल वाइन, सुमारे ४०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, रोझमेरीची एक डहाळी, मीठ आणि काळी मिरी एवढे साहित्य लागते. ताजी रोझमेरी न मिळाल्यास सुकवलेली एक लहान चमचा पुरते. तिच्याऐवजी तमालपत्र घालण्याचा सल्ला काही ठिकाणी दिलेला असतो, पण भूमध्यसागरी प्रदेशातील लॉरेलचे पान आणि भारतातील तमालपत्र ही दोन निराळ्या झाडांची पाने आहेत. आपल्या तमालपत्रावर लांबीच्या दिशेने तीन शिरा असतात आणि त्याला दालचिनीचा वास असतो. तो वास या रश्श्याला परका आहे.

कोंबडीला आदल्या रात्री, निदान तासभर आधी, मीठ लावून ठेवावे. नळाखाली ती धुण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर पसरतात. परतण्यापूर्वी तुकडे स्वच्छ कापडाने किंवा कागदाने टिपून अगदी कोरडे करावेत. मांस तांबूस होऊन त्याला जो खमंगपणा येतो, तो प्रथिनांतील घटक आणि शर्करा यांच्यातील मेयार अभिक्रियेमुळे. लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. पृष्ठभागावर पाणी असेल तोवर तेथील तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही आणि तोवर ही अभिक्रिया रेंगाळते. भांड्यात एकाच वेळी गर्दी केली तरी हाच परिणाम होतो. मांस परतण्याऐवजी स्वतःच्या वाफेत उकडू लागते, पांढुरके होते आणि तो फिकेपणा पुढे कितीही शिजवले तरी जात नाही. म्हणून तुकडे दोन खेपांत, न हलवता, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटे ठेवून परतावेत आणि बाजूला काढावेत. या पायरीत घाई करणाऱ्याला पुढे कोणताही मसाला वाचवू शकत नाही.

त्याच तेलात, जास्त वाटल्यास थोडे काढून, बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी मंद आचेवर परतावी. टोमॅटो घालण्याआधी या भाज्या पुरत्या मऊ व्हायला हव्यात. आम्लामुळे भाज्यांच्या पेशी धरून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही. त्यामुळे अर्धवट कच्चा कांदा टोमॅटोत गेला, तर तो अर्ध्या तासानंतरही दाताखाली येतो. शेवटच्या मिनिटाला ठेचलेली लसूण घालावी. ती करपली की सगळा रस्सा कडवट होतो.

आता वाइन ओतून आच वाढवावी आणि भांड्याच्या तळाला धरलेली तांबूस खरवड लाकडी उलथन्याने सोडवून घ्यावी. पदार्थाची निम्मी चव या खरवडीत असते, तेव्हा भांडे धुण्याची घाई करू नये. वाइन निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवावी. ती टोमॅटोबरोबर एकदमच घातली, तर नीट आटत नाही आणि कच्चा आंबट वास मागे राहतो. मग सोलून कुस्करलेले टोमॅटो, रोझमेरी आणि मांड्या-तंगड्यांचे तुकडे घालावेत. द्रव तुकड्यांच्या अर्ध्या उंचीपर्यंतच असावा. तुकडे बुडतील इतके पाणी घातल्यास पदार्थ या रीतीचा राहत नाही, तो साधा पातळ रस्सा होतो. झाकण किंचित उघडे ठेवून, मधूनच एखादा बुडबुडा येईल इतक्याच आचेवर शिजवावे. खळखळून उकळू देऊ नये. अर्ध्या वेळानंतर छातीचे तुकडे घालावेत. मांसाचा सर्वांत जाड भाग ७४ अंश सेल्सिअसला पोचला की ते खाण्यास सुरक्षित होते. तापमापक नसेल, तर हाडाजवळ सुरी खुपसून पाहावे. रस स्वच्छ निघाला आणि मांस हाडापासून सुटू लागले, की झाले. रस्सा पातळ वाटल्यास तुकडे बाहेर काढून तो एकटाच आटवावा.

भांड्याची निवडही विचारपूर्वक करावी. टोमॅटो आणि वाइन दोन्ही आम्लधर्मी असल्याने साध्या ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी कढईत शिजवल्यास रश्श्याला धातूची चव येते. जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे, मुलामा दिलेले बिडाचे किंवा ताजी कल्हई केलेले पितळेचे भांडे योग्य. मध्य इटलीत मातीची पसरट भांडी यासाठी वापरली जात. ती हळू तापतात आणि आच एकसारखी धरून ठेवतात.

वाइन आणि तिचे पर्याय

आर्तूझी यांनी सुचवलेली सांजोवेसे ही तोस्काना आणि रोमान्यातील मुख्य लाल द्राक्षजात आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही तिची लागवड होते. स्वयंपाकासाठी महागडी वाइन लागत नाही, मात्र पिण्यालायक नसलेली वाइन आटवल्यावर सुधारत नाही, तिचे दोषच अधिक गडद होतात. गोड वाइन वापरू नये.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, त्यामुळे शिजवल्यावर ते सगळे उडून जाते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. पाण्यात मिसळलेले अल्कोहोल पाण्याबरोबर हळूहळूच उडते आणि तासभर शिजवूनही त्याचा काही अंश पदार्थात उरतो. धर्म, औषधोपचार किंवा व्यसनमुक्ती यांपैकी कोणत्याही कारणाने जे मद्य वर्ज्य करतात, त्यांना 'उडून गेले असेल' असे सांगून हा पदार्थ वाढणे योग्य नव्हे. त्यांच्यासाठी वाइनऐवजी कोंबडीच्या हाडांचा १२० मिलिलिटर अर्क आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घालावे. चव थोडी निराळी येते, पण आम्लता आणि खरवड सोडवण्याचे काम दोन्ही साधतात.

वाढण्याची रीत

इटालियन जेवणात पास्ता हा पहिला आणि मांसाचा पदार्थ दुसरा, अशी वेगळी वाढणी असते. त्यामुळे ही कोंबडी पास्त्यावर घालून खाल्ली जात नाही. तिच्याबरोबर जाड सालीचा पाव, मक्याच्या पिठाची 'पोलेंता' किंवा भाजलेले बटाटे असतात. शेवटी ताटलीतला रस्सा पावाने पुसून घेणे औपचारिक मेजवानीत शिष्टसंमत नसले, तरी घरोघरी चालते आणि रस्सा जमला की नाही याची तीच पावती मानतात.

हा पदार्थ दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. थंड झाल्यावर रश्श्यातील जिलेटिन गोठून मांसाभोवती बसते आणि पुन्हा गरम करताना सुटते. मात्र उरलेला पदार्थ दोन तासांच्या आत शीतकपाटात गेला पाहिजे. गरम करताना तो पूर्ण वाफ येईपर्यंत तापवावा, पण पुन्हा उकळत ठेवू नये.

इटलीबाहेरील रूपे

१८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे अमेरिकेत गेली आणि त्यांतील बहुसंख्य दक्षिण इटलीची होती. तेथे मांस स्वस्त होते आणि टोमॅटोचे डबे सहज मिळत. काच्चातोराचे अमेरिकी रूप या परिस्थितीत घडले. त्यात ढोबळी मिरची आणि पांढरी अळिंबी आली, टोमॅटोचा सॉस कितीतरी पटींनी वाढला आणि ते स्पॅगेटीवर वाढले जाऊ लागले. इंग्रजी पुस्तकांतून जगभर पोचले ते मुख्यतः हेच रूप. त्यामुळे ढोबळी मिरची नसलेला किंवा टोमॅटोचा थेंबही नसलेला पदार्थ समोर आला की 'हे काच्चातोरा नव्हे' अशी तक्रार होते. रोममध्ये जाऊन लाल रश्श्याची अपेक्षा करणाऱ्या प्रवाशाच्या पुढे येते ती व्हिनेगरचा वास असलेली, तपकिरी, जवळजवळ कोरडी कोंबडी.